गायमुखाच्या डोंगराची हरकत

दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती. तालुक्याचं गाव वाढत वाढत गायमुखाच्या डोंगराच्या पायथ्याला येऊन टेकलं होतं. तिथल्या गृहनिर्माण संस्थेनं आता डोंगराचा पूर्वेकडचा उतारच मागितला होता, प्लॉट पाडायला.

नोटीस चावडीवर लागली. पायथ्याच्या वस्तीतल्या केशरबाईची लेक सत्यशीला टेंभुर्णीच्या शाळेत शिकवायची. रविवारी घरी आली तेव्हा तिनं ती आईला वाचून दाखवली. "जमीन पडीक व निरुपयोगी," असं त्यात लिहिलं होतं.

केशरबाई पळसाची पानं काडीनं टाचत होती. तिचे हात थांबले.

"पडीक? मंग मी तीस वर्षं कुठं जाऊन राह्यले?"

तिच्यासारख्या बौद्ध वस्तीतल्या वीस-बावीस बाया त्या डोंगरावर जगत होत्या. पत्रावळीची पानं, धावड्याचा डिंक, जळण, पावसाळ्यानंतर गवत. एका साली वरच्या अंगाचं तोडायचं, दुसऱ्या साली खालच्या. बुंधा कंबरेएवढा ठेवायचा, म्हणजे परत फुटतो. हा नियम कुणी लिहिला नव्हता. केशरबाईच्या सासूनं तिला शिकवला आणि तिनं बाकीच्यांना. गायमुखाचा झराही त्याच झाडीतून निघायचा. त्याचा ओढा चार गावांच्या विहिरींजवळून वाहत पुढं पूर्णेला मिळायचा.

"हरकत घेता येती, माय," सत्यशीला म्हणाली. "पण आपल्या गावाच्या संमतीच्या कागदावर रामराव पाटलांची सही हाये."

दुसऱ्या दिवशी केशरबाई रामरावाच्या मळ्यात गेली. म्हातारा पाटील विहिरीच्या काठावर बसला होता.

"पाटील, दुष्काळात डोंगरापल्याडच्या हिरी आटल्या. तुमची का न्हाई आटली?"

"झरा जिवंत हाये आमचा."

"तो झरा येतो कुठून?"

रामरावानं डोंगराकडं पाहिलं. संस्थेचे अण्णासाहेब सहीसाठी घरी आले होते. वर नुसता दगड आहे, कुणाच्या कामाचा नाही, असं म्हणाले होते. रामरावानं न बघता सही केली होती.

"सही केली ती केली," तो कसाबसा म्हणाला. "आता लोकांपुढं शब्द कसा फिरवावा?"

"ते तुम्ही बघा. मी हरकत देऊन राह्यले. खाली तुमच्या हिरीचंबी नाव लिहिणार हाये."

सुनावणी वैशाखात लागली. कचेरीत अण्णासाहेबांनी नकाशा पसरला, रस्ते दाखवले, शाळेची जागा दाखवली. बोलणं गोड होतं. तहसीलदार तरुण होता आणि कमी बोलणारा. त्यानं केशरबाईकडं पाहिलं.

"तुमचं काय म्हणणं?"

केशरबाई उठून उभी राहिली.

"साहेब, कागदावर डोंगर दिसत न्हाई. एकदा चालून बघा. मंग जे लिहायचं ते लिहा."

तहसीलदारानं नकाशा बाजूला सारला. "उद्या सकाळी सात वाजता येतो," तो म्हणाला.

तो खरंच आला. अण्णासाहेबही आले. केशरबाई पुढं निघाली, मागं वस्तीतल्या बाया. तिनं कंबरेवर तोडलेला बुंधा दाखवला. त्याला हातभर कोंभ फुटले होते. डिंकासाठी पाडलेल्या खाचा दाखवल्या, जुन्या भरून आलेल्या आणि यंदाच्या. तहसीलदार पायाखाली बघत चालला होता.

"एवढ्या पायवाटा कुणाच्या?"

"आमच्या. पडीक जमिनीला पायवाट नसती, साहेब."

मग तिनं त्याला दोन झरे दाखवले. पहिल्याच्या डोक्यावरचा उतार दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं दगडासाठी साफ केला होता. झऱ्याच्या जागी आता वाळलेलं शेवाळ आणि भेगा होत्या. तिथून शंभर पावलांवर गायमुख होतं, गच्च झाडीखाली. भर वैशाखात मनगटाएवढी धार पडत होती.

"दोन्ही एकाच कातळातले," केशरबाई म्हणाली. "ही बाजू आम्ही राखली."

"बाईच्या बोलण्यावर काय जाता साहेब," अण्णासाहेब हसत म्हणाले. "झरे आपोआप आटतात. गावाची संमती आहे आमच्याकडं."

"न्हाई."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. काठी टेकत रामराव वर आला होता. धाप लागली होती त्याला.

"माझी सही चुकली, साहेब. न बघता केली. दुष्काळाच्या सालाला हा झरा बी आटतच आल्ता, पण डोक्यावरची झाडी होती म्हणून टिकला. चार गावं त्याच्यावर जगली. ती झाडी या बायांनी राखली, मी न्हाई. तसं लिहून घ्या, त्याच्याखाली मी आता बघून सही करतो."

तहसीलदारानं दगडावर बसून तिथंच जबाब लिहून घेतला. केशरबाईनं खाली सही केली. सत्यशीलानं शिकवलेली पाच अक्षरं तिनं सावकाश, एकेक काढली. सुट्टीला आलेली लेक शेजारी उभी होती. शेवटचं अक्षर पुरं झालं तसे तिचे डोळे भरून आले.

महिन्याभरानं हुकूम आला. उतार सरकारकडंच राहिला आणि पानं, डिंक, जळण यांचा वस्तीचा वहिवाटीचा हक्क त्यात नोंदला गेला. संस्थेला तालुक्याच्या गावाच्या दुसऱ्या अंगाचा मुरमाड माळ मिळाला. तिथं पुढं घरं उठली, चांगली उठली.

पोळ्याच्या आधी राजूरकडच्या दोन गावांतली माणसं केशरबाईला शोधत आली. त्यांच्याही डोंगरावर मोजणीचे खुंटे ठोकले होते.

"तुम्ही येऊन एकदा डोंगर बघता का, बाई? काय दाखवायचं, कसं दाखवायचं, आम्हाला कळंना."

केशरबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. वस्तीतून जाताना माणसं ओट्यावरून उठून "जयभीम" म्हणत होती. रामरावानं तिच्यासाठी आपली बैलगाडी जुंपून रस्त्यावर उभी केली होती.

"जल्दी बसा, केशरबाई," तो म्हणाला. "उन्हाच्या आत डोंगर चढायचा हाये."

ती मागं न बसता पुढं, गाडीवानाशेजारी बसली.