चिठ्ठी निघेपर्यंत सगळीच घरं आपली

माझी धाकटी बहीण ब्लांका राजधानीत राहते आणि तिथून फोनवर मला हसते. "ओर्फिलिया, या वयात विटा वाहतेस आणि त्यातलं कुठलं घर मिळणार तेही ठाऊक नाही? नवऱ्याचं तोंड न बघता लग्नाला उभी राहिलीस की गं!"

"तू बघून उभी राहिलीस ना? मग दर रविवारी रडायला फोन कशाला करतेस?" मी म्हटलं. पुढे बरेच रविवार फोन आला नाही.

पण ती म्हणत होती ते खरं होतं. आमच्या पायसांदू गावात, नदीकडच्या माळावर, आम्ही काही कुटुंबांनी मिळून सोसायटी काढली होती. जमीन सोसायटीची, सरकारचं कर्ज सोसायटीच्या नावावर, घरंही सोसायटीचीच. आपला असतो तो हिस्सा. हप्ता भरायचा, त्या हिश्शावर मरेपर्यंत राहायचं, मागे तो मुलांसाठी ठेवायचा. 'उद्या खोली खाली करा' म्हणणारा मालक नाही, कारण मालक आपणच, सगळे मिळून. पण नुसत्या पैशानं हिस्सा पदरात पडत नाही, घामही घालावा लागतो. दर घरातल्या कुणीतरी आठवड्याचे ठरलेले तास बांधकामावर यायचं, बाई असो की बाप्या. आणि कुठलं घर कुणाचं, हे शेवटच्या दाराला शेवटची कडी बसल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. तोवर कुणी 'माझं घर' म्हणायचं नाही. कुणी म्हटलंच, तर आमचा मिस्त्री एदिसोन थापी रोखून विचारायचा, "कुठलं? दाखव बरं."

मला महाल नको होता. मला कोरडी भिंत हवी होती.

माझी मुलगी इर्मा शिवणकाम करते. हात सोन्याचे, छाती मात्र फुटक्या भात्यासारखी. आम्ही ओढ्याकाठी भाड्याच्या खोलीत राहायचो. हिवाळ्यात तिथल्या भिंतीला पाठ टेकली तर झगा ओला व्हायचा. कपाटामागे काळी बुरशी चढायची आणि इर्माच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "बाई, औषध मी लिहून देतो. कोरडं घर मला लिहून देता येत नाही." सिमेंटची धूळ तिला सोसणार नव्हती, म्हणून तिचे तास मी भरले. मी जन्मभर लोकांच्या चादरी धुतल्या. शाळेत गेले ते दोन हिवाळे. पण घमेलं उचलायला अक्षरं लागत नाहीत.

पहिलं घर बांधायला घेतलं तेव्हा आमच्यात खरा गवंडी एकटा एदिसोनच. बाकी सगळी हौशी मंडळी. बस चालवणारा वॉशिंग्टन, ज्याचा आवाजही हॉर्नसारखा. खाटीकखान्यातून निवृत्त झालेलं एक म्हातारं जोडपं. अशीच आणखी. आमच्याकडे दक्षिणेचा वारा पाऊस आडवा मारतो, म्हणून भिंत दुहेरी बांधतात. बाहेरची एक, आतली एक, मध्ये चार बोटं पोकळी. बाहेरची भिजली तरी ओल पोकळीपाशी थांबते. एदिसोननं सांगितलं होतं, दोन विटांमध्ये सिमेंटचा माल बोटभर, जास्त नको. सांगून तो पुढच्या घराचं जोतं आखायला गेला.

त्याची पाठ वळली आणि सगळ्यांच्या मनात एकच आलं: हे घर माझंही निघू शकतं. मग हात कोण आखडणार? वॉशिंग्टन तर केकवर मलई लावावी तसा माल थापायचा. "घाला, घाला! उद्या माझंच निघालं तर?" दाबला की माल विटेच्या दोन्ही अंगांनी बाहेर यायचा. बाहेरचा आम्ही थापीनं पुसून घ्यायचो. आतला कुठे जातो, ते कुणी पाहिलं नाही.

पुढच्या घरांना एदिसोननं पोकळीत दोरीला बांधलेली फळी सोडायला लावली. सांडलेला माल तिच्यावर झेलायचा आणि थर संपला की वर ओढून काढायचा. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला चोचले सुचतायत.

सगळ्या घरांवर छपरं चढली तेव्हा हिवाळा लागला होता. एकदा पावसानं मला पहिल्या घरात अडकवलं. उभी राहून कंटाळले आणि दक्षिणेच्या भिंतीला हात टेकवला. लगेच काढला. तो गार, चिकट स्पर्श मी आंधळी झाले तरी ओळखेन.

"एदिसोन!" मी असा आवाज दिला की वॉशिंग्टनसुद्धा धावत आला.

एदिसोननं आतल्या बाजूच्या खालच्या विटा काढल्या, आत हात घातला आणि वाळून दगड झालेल्या मालाचा गोळा बाहेर काढला. आमच्यासमोर धरला. "हे बघा तुमचं प्रेम," तो म्हणाला. "पोकळी गुडघ्याएवढी भरलीय. पुलावरून माणसं यावीत तशी ओल यावरून आत येतेय."

"बाकीची घरं?" मी विचारलं. 

"तिथे फळी होती. हेच एक."

त्या रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. मसुराचा रस्सा चुलीवर रटरटत होता, कडू चहानं भरलेलं सुक्या भोपळ्याचं भांडं ओढायच्या नळीसकट हातोहात फिरत होतं, पण चव कुणाला लागत नव्हती. इर्माही आली होती, शाल गुंडाळून माझ्या शेजारी बसली होती. भिंत पाडून पुन्हा बांधायची तर सगळ्यांचे तास वाढणार, शेवटची कडी आणि चिठ्ठी लांबणार.

वॉशिंग्टन उठला. "एवढ्या घरांत एक ओलं. आतून पाणी न धरणारा रंग फासा. चिठ्ठीत ज्याला लागेल त्याचं नशीब."

"आणि रंगाचे पोपडे पडले की?" मी बसल्या जागेवरून म्हटलं. "बसचा ब्रेकही तू रंग लावूनच दुरुस्त करतोस का रे?"

लोक हसले. तो चिडला. "मग असं करा, चिठ्ठीच नको. जे कुटुंब शेवटी आलं त्यानं पहिलं घर घ्यावं. त्यांचे तास आपल्यापेक्षा कमीच भरलेत."

शेवटी आली होती ती येसिका. कोवळी पोर, नवरा पळालेला, मांडीवर तान्हं. एक कुटुंब सोडून गेलं त्यांच्या जागी तिला घेतलं होतं. तिनं मान वर केली नाही, बाळाचं टोपडं नुसतंच नीट करत राहिली.

  जो तो मनातल्या मनात सुटका मोजत होता. माझ्याही मनात ती आली, खोटं कशाला बोलू? येसिकाला ते घर दिलं की इर्मा सुटली. चिठ्ठीची भीतीच नाही. मी गप्प बसले असते तरी काम झालं असतं.

मी उभी राहिले. "वॉशिंग्टन, त्या भिंतीत माल कुणी सांडला? येसिकानं? ती तेव्हा आली तरी होती का? तू सांडलास, मी सांडला, या खाटीकबुवांनी सांडला. सांडायला सगळे आणि ओलीत झोपायला तान्हं पोर? मी काही संत नाही. ते घर मला लागेल म्हणून माझी झोप उडालीय. तुझीही उडू दे. सगळ्यांची उडू दे, मगच भिंत पडेल."

"ओर्फिलियाबाई, तुमच्या जिभेनंच भिंत पडेल, हातोडा कशाला?" तो म्हणाला.

तेवढ्यात इर्मानं धरलेली माझी बाही सोडली आणि ती उठली. इर्मा सभेत कधी बोलत नाही, एका वाक्याला तिला दोनदा थांबावं लागतं.

"ते घर मला द्या," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. शेडभर तिच्या छातीतली शिट्टी ऐकू गेली. "चिठ्ठी नको. मला लिहून द्या. मग आई ती भिंत... नखांनी पाडील, आणि तुम्हा सगळ्यांना... कान धरून कामाला लावील."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि ही सगळी हसली! आधी म्हातारा खाटीक, मग त्याची बायको, मग सगळी शेड. वॉशिंग्टन मात्र हसला नाही. तो इर्माकडे बघत होता, तिच्या गळ्याजवळ जो खड्डा पडतो ना श्वासागणिक, तिकडे. मग त्यानंच सगळ्यांआधी हात वर केला.

"कुणाला काही लिहून द्यायचं नाही," एदिसोन म्हणाला. "भिंत पाडायची. चिठ्ठी ती चिठ्ठी."

हात वर गेले. मोजायची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी माझे तास नव्हते, तरी गेले. वाटलं होतं, एदिसोन असेल, चार-दोन लाजेकाजेखातर आलेले असतील. वळणावरूनच टकटक ऐकू आली. जवळ गेले आणि उभी राहिले ती राहिलेच.

सगळी आली होती. कामाची पाळी असलेली, नसलेली, रात्रपाळी करून न झोपता आलेली. खाटकाची बायको मातीत फतकल मारून विटांचा जुना माल खरवडत होती, जशी कधीकाळी हाडं खरवडत असेल. येसिकाचं बाळ कोरड्या घमेल्यात ब्लँकेटवर झोपलं होतं आणि येसिका फळीची दोरी धरून उभी होती. वॉशिंग्टन मचाणावर, बोटाचं माप लावून लावून माल पसरत होता. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. विटा हातोहात वर जात होत्या. मी नळावर बादलीसाठी एकमेकींचे केस उपटणाऱ्या बायका पाहिल्यात. बाप खाटेवर असताना त्याच्या खुर्च्या वाटून घेणारे भाऊ पाहिलेत. पण इथे या माणसांना ठाऊक नव्हतं, ही भिंत कुणाला पावसापासून वाचवणार. ठाऊक नव्हतं, म्हणूनच ओळंबा पुन्हा पुन्हा लावून बघत होती.  

"बघत काय उभ्या?" वॉशिंग्टन वरून ओरडला. "चुकलं तर शिव्या द्यायला कुणी हवंच!"

 मी घमेलं उचललं.

चिठ्ठ्यांचा दिवस आला तेव्हा पुन्हा हिवाळाच होता. रस्स्याचं पातेलं घासूनपुसून त्यात घड्या घातलेले आकडे टाकले. एकेक कुटुंब पुढे जाऊन हात घाली. खाटीक जोडप्यानं घडी उघडली आणि म्हातारा म्हणाला, "एक." मी कान टवकारले. कुणी च्च केलं नाही, कुणी सुस्कारा सोडला नाही. पुढच्याची पाळी आली. पहिलं घर आता बाकीच्या घरांसारखं एक घर होतं, बस्स.

आमच्यासाठी इर्मानं हात घातला. मागच्या रांगेतलं शेवटून दुसरं. मी बघतच राहिले, कारण त्या रांगेत मी एकही वीट लावलेली नव्हती.

किल्ली घेऊन आम्ही दोघी आत गेलो. मी तळवा भिंतीवर ठेवला. गार, पण कोरडी. कोपरा सरळ, सांधे बारीक. इतकं बरं काम केलं कुणी? दारावरून जाणाऱ्या एदिसोनला विचारलं.

"कुणी म्हणजे?" त्यानं डोकं खाजवलं. "खालचे थर वॉशिंग्टनच्या टोळीचे असतील. ती पोर येसिका काही दिवस इथे होती. वरचं कुणाचं, नाही आठवत. सगळ्यांचंच हो."

तो गेला. मी भिंतीसमोर उभी. ज्यांना येता-जाता टोमणे मारले, त्यांनी माझ्या मुलीसाठी भिंत उचलली होती, आणि कुणासाठी उचलतोय ते त्यांना माहीतच नव्हतं. आभार मानायचे तर कुणाचे?

राहायला गेलो त्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला. पाऊस असा आडवा, की समोरची रांग दिसेना. मी चरबीत पुऱ्या तळायला घेतल्या. पाऊस लागला की आमच्याकडे घरोघरी तळतात. इर्मा दुपारची आत पडली होती. दुसरी पुरी टाकताना माझा हात थांबला. घरात काहीतरी कमी होतं. पाऊस ऐकू येत होता, कढईतली चरबी ऐकू येत होती. इर्माची शिट्टी ऐकू येत नव्हती.

 पिठाच्या हातानं तशीच धावले.

ती उताणी झोपली होती, उशीशिवाय. एरवी तीन उशांवर बसल्यासारखी झोपायची. एक हात डोक्यावर, तोंड मिटलेलं, गळ्याजवळचा खड्डा भरलेला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. आवाज नाही. वारा भिंतीवर आदळत होता आणि माझी चाळिशीतली पोर लहान बाळासारखा श्वास घेत होती. मी दाराची चौकट धरली.

तिनं अर्धा डोळा उघडला. "आई, काय गं?"

"काही नाही. झोप."

"काहीतरी जळतंय."

"जळू दे," मी म्हटलं, आणि तिथून हलले नाही.