हात ठेवताच झोप

गावातल्या बिंगो खेळायच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या बुटांचा आणि कॉफीचा वास कोंदला होता. मंचावरच्या आरामखुर्चीत नववीतला एक दांडगा मुलगा बसवला होता. हात ठेवून झोप आणणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या बंधू वेंडेलने त्याच्या कपाळावर तळवा टेकला आणि तुपाळ आवाजात म्हणाला, "उतर, लेकरा, निद्रेच्या नदीत उतर." मुलाची मान छातीवर पडली. तो चक्क घोरू लागला. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाच्या या बटाट्याच्या गावात असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बंधूच्या तळव्यात म्हणे चंद्राचं चुंबकत्व होतं आणि देवदूतांचा आशीर्वादही. देवदूत ज्यांच्या पचनी पडत नसत त्यांच्यासाठी चुंबक होतं. कुणीच उपाशी परत जात नसे.

तिसऱ्या रांगेत मार्सेला सीर बसली होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शेजारी तिची पंधरा वर्षांची एलीझ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मध्यरात्र उलटेपर्यंत या मुलीला झोप यायची नाही आणि शाळेची बस तर उजाडण्याआधीच दाराशी. वर्गात ती बाकावर डोकं टेकायची. मार्सेलाने गरम दूध दिलं, ओरडून पाहिलं, चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. मग जानेवारीत एके सकाळी बसची वाट बघता बघता एलीझ बर्फाच्या ढिगावर बसली आणि तिथेच झोपली. बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचं लक्ष गेलं म्हणून वाचली. कानाची पाळी मात्र गारठून काळी पडली. त्या दिवसापासून मार्सेलाच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता.

बंधूची अट एकच होती, जागराची. आदल्या रात्री मुलाने पापणी मिटायची नाही. घागर रिकामी झाल्याशिवाय भरणार कशी, असं तो विचारायचा आणि लोक माना डोलवायचे.

पहिल्या खेपेला एलीझ हात लागताच झोपली. मार्सेलाने रडत रडत तो हात डोळ्यांना लावला. पोर घरी येऊन रविवारच्या दुपारपर्यंत निपचित पडली, आणि रविवारी रात्रभर छताकडे बघत राहिली. सोमवारी तिला धड उभं राहवेना. बंधू म्हणाला, जागरात कुठेतरी पापणी मिटली असणार. म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा जागर. "आई, एकदाच झोपू दे गं," असं पोर विनवत होती आणि मार्सेला तिच्या तोंडावर गार पाणी मारत होती. थांबायचं धाडस तिला होत नव्हतं.

तिसऱ्या जागराला मात्र आईचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं आत आली होती आणि एलीझ चुलीजवळ कोट पांघरून गाढ झोपली होती, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून. मार्सेलाने तिला उठवलं नाही. दुपारी हॉलकडे जाताना एवढंच बजावलं की कुणाला बोलू नकोस.

बंधूने कपाळावर हात ठेवला. नदी आली, चंद्र आला, देवदूत आले. झोप काही येईना. त्याने तळवा दाबला, वाकून तिच्या कानात कुजबुजला. एलीझ मोठ्याने म्हणाली, "हे मला डोळे मिटून घे म्हणतायत. मला झोपच येत नाहीये. काल रात्री मी झोपले होते."

बंधूने हसून मार्सेलाकडे बोट केलं. घरात अश्रद्धा असली की हात आंधळा होतो, म्हणाला.

मार्सेला उठली. "बंधू, मग रात्री झोपलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलावर हात ठेवून दाखवा." तो प्रवचन देऊ लागला. तेव्हा ती पहिल्या रांगेत जागर करून आलेल्या रेमी नावाच्या मुलापाशी गेली. बाप त्याला दंडाला धरून जागं ठेवत होता. तिने बापाला विचारून त्याला खुर्चीत बसवलं, कपाळावर आपला खरखरीत हात ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलू लागली. आलं ते शाळेच्या जेवणाचं वेळापत्रक. "सोमवारी मॅकरोनी. मंगळवारी चिकन आणि कुस्करलेले बटाटे. बुधवारी..."

मनातून ती धावा करत होती की हा झोपू नये. हा जागा राहिला तर बंधू खरा, आणि बंधू खरा असला तर आपल्या पोरीला औषध आहे.

बुधवारच्या आतच रेमी झोपला.

कुणीतरी फसकन हसलं. मार्सेला मात्र मंचाच्या पायरीवर बसली आणि तिने तोंड झाकून घेतलं. शाळेची नर्स ओडेट दारापाशी उभी होती, ती जवळ आली.

"रात्रभर जागवलेलं पोर मासे विकणाऱ्याच्या हाताखालीही झोपेल, मार्सेला. यात विद्या कसली?"

"मग मी काय करू? सांग ना!"

ओडेटने सांगितलं त्यात चमकदार काही नव्हतं. एकदा डॉक्टरांना दाखव. रात्री फोन खोलीबाहेर, दिवे मंद. रविवारीही फार उशिरापर्यंत लोळू द्यायचं नाही. "आणि एवढं करूनही पुरणार नाही," ती म्हणाली. "या वयात शरीराला झोप उशिराच येते. पोरगी आळशी नाही, शाळेचं घड्याळ तिच्या विरुद्ध आहे. हे मी मागच्या वर्षी शाळा-मंडळाच्या सभेत सांगितलं. पाच माणसं आली होती. हात ठेवणारा कुणी नव्हता ना."

बंधू वेंडेल त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला. फोन बाहेर गेला, दिवे मंद झाले. एलीझ थोडी आधी झोपू लागली, पण थोडीच. बस तशीच काळोखात येत राहिली.

मार्चमध्ये शाळा उशिरा भरवायची का, हे ठरवायला शाळा-मंडळाची सभा भरली. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. बसचं कसं, खेळाच्या सरावाचं कसं, यावर मंडळी बराच वेळ बोलली. शेवटी मार्सेला उभी राहिली. "माझ्या मुलीला झोप यावी म्हणून मी तिला झोपू दिलं नाही," ती म्हणाली. "एका लुच्च्याने सांगितलं आणि मी ऐकलं. त्याला आपण तीन आठवड्यांत हाकललं. पण पोरांना रोज अर्ध्या झोपेतून उठवायला तुम्हाला कुणी सांगितलंय? झोप कुणाच्या हातातून येत नाही. तिला वेळ लागतो. तो वेळ पोरांना द्या."

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मतदान पुकारलं. पहिला हात वर गेला तो रेमीच्या बापाचा. मत फक्त मंडळाच्या सदस्यांना आहे, हे त्याला तीनदा सांगावं लागलं, तरी त्याने तो खाली घेतला नाही.