आधी उजवं, मग डावं

मी बोलतोय. दारातून आत आलात की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे ना, त्याच्या मधल्या फळीवरून. शेजारी सगळी चकचकीत मंडळी बसलीयत, दोन-दोन दांड्यांची, कंपनीचं नाव छातीवर मिरवणारी. त्यांच्यात एक साधा पत्र्याचा डबा, एक बटण आणि एक एरियल, तोच मी. हाताएवढ्या लांबीची, खरोखर उडणारी विमानं जमिनीवरून वळवणारा जुना ट्रान्समीटर. माझ्यापुढे एक कार्ड ठेवलंय. ते वाचा, पण विश्वास ठेवू नका. त्या कार्डापायी मी मेटाकुटीला आलोय.

माझा जन्म कुठल्या कंपनीत झाला नाही. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर झाला. मला बनवणारी बाई रेडिओच्या कारखान्यात जोडणीच्या बाकावर कामाला होती. दिवसभर लोकांचे रेडिओ जोडायची आणि संध्याकाळी ओटा पुसून झाला की त्यावर मला. पत्रा जुन्या हीटरच्या पाठीचा, स्क्रू बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचे, एरियल मोडक्या रेडिओची. बटण तेवढं मनासारखं मिळेना. मग तिनं सरळ आपल्याच दाराच्या घंटीचं बटण उचकटलं.

"अगं, कुणी आलं तर?" नवरा म्हणाला.

"कडी वाजवतील. विमान तुम्हाला हवंय ना? मग नवं बटण तुम्ही आणा."

"उद्याच आणतो."

हा उद्या पुढे किती लांबला ते येईलच.

नवरा शिंपी. हात सोन्यासारखा. हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर रेशमी कापड असं बसवायचा की पंखाला सुरकुती म्हणून नाही. पण डाव्या-उजव्याच्या नावानं आनंद. जन्मभर गिऱ्हाइकाच्या समोर उभं राहून मापं घेतलेली, समोरच्याचं उजवं ते आपलं डावं हे अंगात भिनलेलं. विमान तोंड वळवून आपल्याकडे येत असलं की ठीक चालायचं. ते पाठ करून लांब जाऊ लागलं की हा त्यालाही समोरचं गिऱ्हाईक समजायचा आणि नेमकं उलटं वळवायचा.

आणि माझ्याकडे तर एकच बटण. एकदा दाबून धरलं की विमान उजवीकडे. एक टिचकी मारून मग दाबून धरलं की डावीकडे. सोडलं की सरळ. विमानाच्या पोटात पीळ भरलेलं रबर असायचं. माझी हाक पोचली की त्या पिळाच्या जोरावर एक छोटी खुंटी फिरायची आणि शेपटीची पट्टी वळायची. म्हणजे हाक माझी, जोर रबराचा. एवढी साधी गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली असती तर माझी बदनामी टळली असती.

त्याचा गोंधळ पाहून बाईनं एकदा सुई घेतली आणि माझ्या तोंडावर, बटणाच्या बाजूला, दोन ओळी कोरल्या. वर "आ. उ." आणि खाली "म. डा.". आधी उजवं, मग डावं. दुसरी ओळ कोरेपर्यंत सुई बोथट झाली, त्यामुळे ती जरा उथळच उमटली. शिंप्याचा तळवा नेमका तिच्यावरच टेकायचा. उडवता उडवता त्यानं ती ओळ पार पुसून टाकली. बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी, काढायलाही तो विसरायचा, त्याचे ओरखडे माझ्या पाठीवर आहेत. मी तक्रार करत नाही. ते दिवस चांगले होते. गावाबाहेरच्या माळावर तो बटण दाबायचा, ती मागे उभी राहून म्हणायची, "एकदा. आता दोनदा. अहो, दोनदा!" आणि वर विमान वळायचं.

मग ती सुट्टीची सकाळ. माळावर बघायला बरीच मंडळी जमलेली. शिंप्याला चेव चढला. डावं, उजवं, पुन्हा डावं, पुन्हा उजवं, बटण कसलं दाबतोय, शिलाई मशीन चालवतोय! प्रत्येक दाबाला रबराचा पीळ कमी होतो हे त्याच्या गावीही नाही. बाई म्हणत होती, "पुरे आता, खाली घ्या." ऐकतो कोण? शेवटी पीळ संपला. खुंटी जागच्या जागी थांबली, विमान सरळ निघालं ते निघालंच. तो बटण बडवत होता, मी जिवाच्या आकांतानं हाका मारत होतो, आणि ते झाडांच्या वर लहान लहान होत दिसेनासं झालं.

"हाक पोचली नसणार," बघ्यांतला एक शहाणा म्हणाला. "घरी केलेल्या डब्याचं असंच असतं."

शिंप्याला आयतंच निमित्त मिळालं. सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, "तुझ्या यंत्रानं दगा दिला."

"माझ्या यंत्राला काही झालेलं नाही. रबराला पीळ किती दिला होता?"

"भरपूर! मग विमान काय माझ्यावर रुसून गेलं?"

घरी येऊन तिनं मला उघडलं. एकेक सांधा तपासला, मीटर लावून पाहिला. "ठणठणीत आहे," ती म्हणाली. पण पटवणार कसं? साक्षीदार तर विमानासकट उडून गेला होता! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझी हाक ऐकायला कुणीतरी समोर लागतं, आणि समोर कुणीच उरलं नव्हतं. तिनं त्यानंतर घरात कधी सोल्डरिंगची कांडी तापवली नाही. मला माळ्यावर टाकलं. खोटा आळ घेऊन माळ्यावर पडून राहणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

घर रंगवायला काढलं तेव्हा, ती कामावर गेलेली असताना, शिंप्यानं मला डबे-बाटल्यांबरोबर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकलं. भंगारवाल्यानं माझा एक उपयोग शोधला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवलं. घंटीचं बटण अंगावर घेऊन मी दुसऱ्याच दाराची राखण करत होतो.

तिथून मला या घरच्या गृहस्थानं उचललं. त्याला सगळे पारखी म्हणतात, आणि त्यालाही ते खरं वाटतं. जुने ट्रान्समीटर जमवायचे आणि कुठला कुणाचा ते ओळखायचं, हा त्याचा ध्यास. माणूस वाईट नाही. माझ्यावरची धूळ त्यानं मऊ ब्रशनं, जपून झाडली. इतक्या वर्षांनी कुणाचा तरी प्रेमाचा हात लागला म्हणून मी सुखावलो. आणि तिथंच माझं नशीब फुटलं.

पारख्याचा एक मित्र आहे, जगातली कुठलीही वस्तू स्क्रूवरून ओळखणारा. त्यानं भिंग लावलं. "हे घड्याळातले स्क्रू. म्हणजे कंपनीचा घड्याळवाल्यांशी करार असणार!"

"आणि पाठीवरचे हे ओरखडे?"

"कारखान्यातल्या चाचणीच्या खुणा. उघड आहे."

अंगुस्तान, अंगुस्तान! मी आतल्या आत डोकं आपटत होतो. तेवढ्यात पारख्याला उरलेली अक्षरं दिसली. "आ. उ." त्यानं श्वास रोखला. मित्रानं श्वास रोखला. आणि मग पारखी हळूच म्हणाला, "आद्य उत्पादन!"

झालं. त्या घटकेपासून मी एका बंद पडलेल्या कंपनीचा अगदी पहिला, बाजारात न आलेला नमुना झालो. माझ्या बटणाला "हस्तिदंती, बहुधा परदेशी" अशी पदवी मिळाली. चहा घेऊन आलेली पारख्याची बायको मला बघून सहज म्हणाली, "अहो, हे तर दाराच्या घंटीचं बटण आहे."

"तुला यातलं काय कळतंय?" पारखी म्हणाला.

या घरात मला कुणी अचूक ओळखलं असेल तर ते तेवढ्याच एका वाक्यानं, आणि ते वाक्य चहाच्या कपांबरोबर आत परत गेलं.

पारख्यानं माझ्यावर लेख लिहिला. विमानाच्या हौशी लोकांचं एक मासिक निघतं, त्यात तो माझ्या फोटोसकट छापून आला. लोक मला बघायला येऊ लागले, वाकून वाकून "वा, आद्य उत्पादन!" म्हणू लागले. दुसऱ्याचे कपडे घालून लग्नात मिरवावं तसं मला व्हायचं.

आणि एका दुपारी या खोलीच्या दारात दोन म्हातारी माणसं उभी राहिली. तो काठी टेकत, ती पिशवी सांभाळत. मासिक पिशवीतून डोकावत होतं.

मी बाईंना आवाजावरून ओळखलं. "अहो, पायरी आहे. उजवा पाय. तो डावा झाला!"

पारख्यानं काच सरकवून मला बाहेर काढलं आणि अर्थातच शिंप्याच्या हातात दिलं. बाईंनी मान पुढे करून पाहिलं. बोट उचलून पुसलेल्या ओळीवर ठेवलं. "इथं खाली 'म. डा.' होतं. आधी उजवं, मग डावं. ह्यांना आठवावं म्हणून."

पारख्याचा चेहरा पडला. आद्य उत्पादन जमीनदोस्त झालं होतं. पण माणूस हौशी, सावरला. शिंप्याकडे वळून त्यानं आदरानं विचारलं, "म्हणजे हे घरी केलंय! काका, बटण कुठलं हो?"

"मला काय विचारता? हिला विचारा."

"आमच्या दाराच्या घंटीचं," बाई म्हणाल्या.

"आणि काका, लहरी नेमक्या ठेवणारा हा क्रिस्टल कुठून मिळवलात?"

"हिला विचारा म्हटलं ना!"

"कारखान्यातला टाकाऊ," बाई म्हणाल्या.

पारखी कौतुकानं हसला. "काकूंना सगळं पाठ आहे की! बायकांचं लक्ष असतंच."

मला घाम फुटायचा असता तर फुटला असता. बाईंचं त्याकडे लक्षच नव्हतं. त्या आल्या होत्या वेगळ्याच कामासाठी. "सेल घाला," त्या म्हणाल्या. "मला ह्यांच्यासमोर चालवून बघायचंय."

"छे छे! जुन्या यंत्रात मी सेल घालत नाही. मूळ स्थिती बिघडते."

"मूळ स्थितीत ते चालत होतं," बाई म्हणाल्या.

दारातून पारख्याची बायको म्हणाली, "घाला हो सेल." दोन बायकांपुढे पारख्याचं काही चाललं नाही. बाईंच्या सांगण्यावरून त्यानं आतला एक कुजलेला कपॅसिटर बदलला, सेल जोडले. टेबलावर त्याच्या संग्रहातला, विमानातून काढलेला जुना रिसीव्हर होता, खुंटी आणि रबर जोडलेला. ते जुने रिसीव्हर चोखंदळ नसत. जवळपासची हाक आली की ओ देत. बाईंनी रबराला स्वतः पीळ भरला, बोटांनी चाचपून खात्री केली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दाबा."

त्याचा अंगठा बटणावर टेकला आणि थांबला. मग त्यानं दाबलं.

मी हाक मारली. टक्! खुंटी उजवीकडे.

"आता दोनदा," बाई म्हणाल्या.

टक्, टक्. डावीकडे. तो दाबत राहिला, खुंटी वळत राहिली, एकही हाक चुकली नाही. दाबता दाबता रबराचा पीळ संपला. खुंटी थांबली. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. खुंटी ढिम्म. शिंपी त्या लोळागोळा झालेल्या रबराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग त्या दिवशी रबरच संपलं असेल."

"असेल नाही. संपलंच होतं."

"संपलंच होतं," तो म्हणाला. "तुझ्या यंत्राचा दोष नव्हता."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, उगाचच, दोनदा. पारख्यानं "घरी न्यायचंय का?" असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नको. राहू दे इथे, चारचौघांत. आमच्याकडे जागा कुठे?" आणि जिना उतरताना त्यांचा आवाज आला, "जाता जाता घंटीचं बटण घ्यायचंय, लक्षात आहे ना?"

"उद्या आणतो की."

"आज. आधी दुकान, मग घर."

माझ्यावरचा आळ गेला. मी इतका हलका झालो होतो की पंख असते तर उडालोच असतो. संध्याकाळी पारख्यानं जुनं कार्ड फाडलं, नवं कोरं घेतलं, आणि सुरेख अक्षरात लिहून माझ्यापुढे उभं केलं. तेच तुमच्या समोर आहे. "घरी बनवलेला, एका बटणाचा. बनवणारा हयात आहे."

बनवणारा! अरे, ती समोर उभी राहून उत्तरं देत होती! रबराला पीळ तिनं भरला, कपॅसिटर तिनं ओळखला, आणि याला दिसला कोण, तर काठीवाला! एवढा पारखी, एवढी भिंगं, आणि माझी ओळख शेवटी पुन्हा चुकलीच. मी सगळं सोसलं. माळा सोसला, भंगारवाल्याचं दार सोसलं, आद्य उत्पादनही सोसलं. हे मात्र सोसवत नाही.

मला हात नाहीत. तुम्हाला आहेत, आणि खिशाला पेनही दिसतंय. पारखी आत फोनवर बोलतोय, काचेला कुलूप नाही. "बनवणारा"च्या शेवटी जो काना आहे ना, त्याच्या डोक्यावर फक्त एक वळण काढा. पहिली वेलांटी नको, ती उजवीकडे वळते. दुसरी काढा, डावीकडे वळणारी.