फालतू रिंगा

चितेगावातील आपल्या लहानशा लेथच्या कारखान्यात वहाब मिस्त्री तेच पत्र तिसऱ्यांदा वाचीत होते. नौदलाच्या एका जहाजावरील पंपासाठी गनमेटलच्या चार रिंगा त्यांच्याकडून मागविल्या होत्या. दरपत्रकात त्यांनी स्वहस्ते लिहिले होते, ‘दोन बसविण्याच्या, दोन फालतू.’ त्यावर मुंबईच्या खरेदी कचेरीतील नव्या कारकुनाचे उत्तर आले होते, ‘फालतू वस्तूंकरिता निधी मंजूर होत नाही. दोनच पुरवाव्यात.’

चारही रिंगा तयार होऊन पडल्या होत्या. दोन अंगावर पडल्या, तर पुढच्या कामाला धातू घेणेही कठीण होते. परंतु त्या चिंतेहूनही एका कोड्याने मिस्त्रींना अधिक छळले. ज्यांनी चार मागितल्या, तेच दोन का नाकारतात?

रविवारी ते हर्सूलला बन्सीभाऊंकडे गेले. बन्सीभाऊ जहाजाच्या भांडारावर नोकरी करून निवृत्त झाले होते. पत्र वाचून त्यांना हसता हसता ठसका लागला.

“वहाबभाई, निजामाच्या शाळंत शिकला ना तुम्ही?”

“व्हय. पोलीस ॲक्शन झालं अन् चौथीतच सुटली.”

“तुमच्या उर्दूत फालतू म्हंजे जादा. त्या कारकुनाच्या मराठीत फालतू म्हंजे भंगार! स्वतःच्याच मालाला भंगार म्हणून बसले की मिस्त्री!”

मिस्त्री ओशाळले. एक कोडे सुटले, तोच दुसरे उभे राहिले. “पण भाऊ, रिंग मोडलीच नाय, तर सरकार जादाचे पैसे कशाला देतं?”

“माझ्या कप्प्यात अशी एक रिंग नऊ वर्षं व्हती. सहा महिन्याला काढायची, पुसायची, ग्रीस लावून पुन्हा गुंडाळायची. कधी बसवली नाय.”

“मग वाया गेली!”

“कशी जाईल? आधी तिला पैसा मंजूर नव्हता, तवा कप्तान किनारा सोडून लांब जायला तयार नव्हता. ती कप्प्यात आली, अन् आम्ही अंदमानच्या बी पुढं गेलो.”

मिस्त्रींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. परतताना हर्सूलच्या तलावाकाठी ते बराच वेळ उभे राहिले. एक न वापरलेली रिंग एवढे मोठे जहाज कसे पुढे नेते, हे मनाशी जुळवीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘फालतू’च्या जागी ‘राखीव’ असे लिहून नवे दरपत्रक धाडले. तीन आठवड्यांनी चारही रिंगांना मंजुरी आली.

चिठ्ठ्या बांधावयास ते बसले आणि थबकले. चारही रिंगा हुबेहूब सारख्या. राखीव कोणत्या, हे त्यांनाच ओळखू येईना. शेवटी ज्या दोन त्यांना अधिक देखण्या वाटल्या, त्यांवर त्यांनी ‘राखीव’ची चिठ्ठी बांधली. नऊ वर्षे कोणीतरी त्यांना पुसणार होते.