सुरी फिरवायची राहिली

जुना रंग प्रेमानं निघत नाही. त्याला भाजावं लागतं, खरवडावं लागतं, वर चार शिव्या हासडाव्या लागतात. माझ्या नाकावर कायम राग असतो असं घरात सगळे म्हणतात. असू दे. त्याच रागावर मी आजवर किती घरांच्या भिंती सोलून काढल्यात, ते यांना कुठं माहीत!

हे घर तर फारच जुनं होतं. पुरुषभर उंचीच्या खिडक्या, छताला गिलाव्याची नक्षी, आणि भिंतींवर पिढ्यान् पिढ्यांची हौस. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मी तळहाताएवढ्या जागेत सगळे थर उघडे केले होते. वर पांढरा, खाली खाकी, त्याच्याखाली कुणाच्या तरी डोक्यातून आलेला भडक गुलाबी आणि सगळ्यात तळाला मूळचा फिका हिरवा. मालकांना तो हिरवाच परत हवा होता. आणि त्या हिरव्यावर, कमरेच्या उंचीला, पूर्वी होती तशी चॉकलेटी रेघ. हातानं ओढलेली.

ती रेघ ओढायची माझ्या धाकट्या बहिणीनं. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही, दोरीचा ठसा नाही. ब्रश बुडवायचा, करंगळी भिंतीला टेकवायची, श्वास धरायचा आणि चालत सुटायचं. या दारापासून त्या दारापर्यंत रेघ कुठं जाड नाही की बारीक नाही. आईबापांनी आमची वाटणीच तशी केली असावी. राग मला, हात तिला.

आणि नवरा तिला मिळाला तो सुतार. तोही याच कामावर होता, खिडक्यांना. तोंडानं असा गोड की ऐकणाऱ्याला वाटावं काय देवमाणूस आहे! "ताई, चहा घेतला का? ताई, उन्हात उभ्या राहू नका." आणि घरी गेला की माझ्या बहिणीचं डोकं भिंतीवर. तिची डावी करंगळी वाकडी आहे. दारात सापडली म्हणाली. दारं काय हिलाच शोधत येतात? दोनदा पिशवी घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही वेळा हा माझ्या दारात बसून गळा काढून रडला आणि ही उठून त्याच्यामागं गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, आता गेलीस तर माझं तोंड बघू नकोस. राहिली. चांगली आठवडाभर राहिली. मग काल संध्याकाळी "कपडे तेवढे घेऊन येते" म्हणून गेली ती परत आलीच नाही.

सकाळी मी कामावर आले ती आधीच चरफडत. तरी हात कामाला लावले. या घरातल्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोटात लोखंडी वजनं असतात, दोरीला बांधलेली. त्या वजनांच्या जोरावर एवढी जड खिडकी बोटानं वर जाते. अशा खिडकीला तेलाचा रंग दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम एकच. पातळ सुरी घ्यायची आणि खिडकी आणि चौकट यांच्या फटीतून सगळीकडे फिरवायची. नाही फिरवली तर रंग वाळतो आणि खिडकी चौकटीला धरून बसते. या एका गोष्टीवरून जावईबापूंनी माझा जीव खाल्ला होता. "ताई, खिडक्या चिकटवू नका हं. रंगाऱ्यांना खोडच असते ती." मी आजवर एक खिडकी चिकटवली नव्हती. पण बोलायला काय जातं!

त्याच्या कामाचाही एक नियम होता. दोऱ्या बदलण्यासाठी काढल्या की खिडकीच्या मुठीला लाल चिंधी बांधायची, म्हणजे तिच्याखाली कुणी हात घालायचा नाही. वजनं नसलेली खिडकी वर कशी राहणार? नुसत्या लाकडी टेकूवर. टेकू हलला की ती मणभर लाकूड-काच घेऊन खाली येते. कोपऱ्यातल्या खिडकीच्या दोऱ्या त्यानं परवाच काढल्या होत्या, वजनं जमिनीवर मांडून ठेवली होती, टेकू लावला होता आणि चिंधी बांधायचा कंटाळा केला होता. मी त्याला त्यावरून झापलंही होतं आणि काल टेकूला हात न लावता त्याच खिडकीला दोन्ही बाजूंनी रंगाचा जाड हात मारला होता. म्हणून सकाळी सुरी घेऊन पहिल्यांदा तिथंच गेले. सुरीचं टोक फटीला लावलं आणि मागून धाकटीचा आवाज आला.

"ताई."

वळून बघितलं. खालचा ओठ फाटलेला, सुजून टम्म झालेला, हनुवटीवर वाळलेलं रक्त. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सुरी फेकून दिली ती कुठं पडली तेही बघितलं नाही.

"दारात सापडला का ओठ?"

"ताई, ओरडू नको. मी सांगितलं त्यांना. येणार नाही म्हणून सांगितलं." तिला नीट बोलता येत नव्हतं. "ते म्हणाले, जायचं तर जा. पण हात मी घरी आणलाय, तो ठेवून जा. कोयंडा लावून घेतला होता. पहाटे ते झोपल्यावर निघाले."

"हात म्हणजे?"

तिनं उजवा हात पाठीमागं लपवला. लहानपणी खाऊ लपवायची तसा.

मी म्हटलं, "चल. खाली ठेकेदार चुना उतरवून घेतोय, त्याच्याजवळ जाऊन उभी राहा. मी पोलिसांना फोन करते." ती दारापर्यंत गेली आणि मागं मागं परत आली. दारात तो उभा होता. हातात मोगरी, सुतारांची ती लाकडी हातोडी असते ना, ती.

"ताई," तो म्हणाला, "नवरा-बायकोच्या मध्ये तुम्ही पडू नका."

"मेल्या, मध्ये नाही, मी तुझ्या उरावर पडते," मी म्हटलं आणि रंग खरवडायचा पत्रा उचलून सरळ त्याच्या तोंडावर मारला. चांगला धारदार होता, मीच सकाळी घासला होता. कानापासून गालापर्यंत कातडी उघडली. त्यानं हात लावून रक्त बघितलं. मग त्यानं मोगरी फिरवली. ती माझ्या खांद्यावर बसली. आत काहीतरी मोडलं ते मला ऐकू आलं. मी रंगकामाच्या शिडीच्या घोड्यावर जाऊन आदळले, घोडा माझ्यावर आला आणि वरचा हिरव्या रंगाचा डबा आमच्या दोघांवर. डोळ्यांत रंग, नाकात रंग. डावा हात उचलायला गेले तर तो उचलेच ना. त्यानं येऊन पोटात दोन लाथा घातल्या. दुसऱ्या लाथेला मला ओकारी आली.

"सोडा तिला, अहो, सोडा!" धाकटी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. त्यानं तिला केसांना धरून पुढं ओढली. मी ओरडत होते, पण पोटात श्वासच नव्हता तर आवाज कुठून येणार? खाली वाळूच्या, चुन्याच्या गोण्या धपाधप पडत होत्या. कुणाला काय ऐकू जाणार!

त्यानं तिला कोपऱ्यातल्या खिडकीशी नेलं. गुडघ्यावर बसवलं. तिचं उजवं मनगट धरलं आणि हात खिडकीखालच्या लाकडावर दाबून ठेवला, बरोबर उघड्या खिडकीच्या खाली. तेव्हा मला कळलं काय चाललंय. तिलाही कळलं. ती खिडकी कशावर उभी आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"बोल," तो म्हणाला. "येतेस का घरी?"

धाकटी रडत होती. तिच्या फाटक्या ओठातून रक्त लाकडावर पडत होतं. मी मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, आत्ता हो म्हण, पुढचं पुढं बघू. मी, जिनं तिला तोंड बघू नकोस म्हणून दम भरला होता, तीच मी.

"नाही," ती म्हणाली.

"पुन्हा बोल."

"नाही येणार."

त्यानं मोगरी टेकूवर हाणली. टेकू उडाला आणि खडखडत माझ्या पायाशी आला. मी डोळे मिटून घेतले. धाकटीनं किंकाळी फोडली.

आणि झालं काहीच नाही.

डोळे उघडले तर खिडकी होती तिथंच, वरच्या वर. ना दोरी, ना वजन, ना टेकू. माझ्या रंगानं तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. सुरी फिरवायची राहिली होती ना!

मला हसू फुटलं. त्या वेळी हसणारी बाई वेडी म्हणायची, पण मी हसले. रंगानं माखलेली, एक हात लुळा, ओकारीत पडलेली, आणि खदाखदा हसत होते. "चिकटली रे, जावईबापू! चिकटवली बघ मी खिडकी!"

तो वर बघत राहिला. तेवढ्यात त्याची पकड ढिली पडली आणि धाकटीनं सगळं अंग मागं फेकून हात ओढून घेतला. तो पुढं झोकांडला, तोल सावरायला त्याचा डावा हात लाकडावर पडला. जिथं तिचा होता तिथंच. तेवढ्यावर थांबला असता तरी वाचला असता. पण माझं हसू त्याला झोंबलं होतं. "रंगाऱ्यांच्या नानाची..." म्हणत त्यानं उजव्या हातातली मोगरी खिडकीच्या कडेवर घातली, सगळ्या ताकदीनं.

रंग तडकला. खिडकी आली.

तो आवाज मी सांगत नाही. काच फुटली ती त्याच्या मानेवर आणि डोक्यावर पडली, पण त्याचं त्याला काहीच नव्हतं. तो हाताकडे बघत होता. तीन बोटं पलीकडे होती आणि तो अलीकडे. मग तो ओरडायला लागला. एवढा मोठा पुरुष, पण आवाज लहान पोरासारखा निघत होता.

"काढ! अगं काढ! आई गं, काढ!"

धाकटी उठली. भिंतीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही धावणार. हिचा जीव तसाच आहे, मारणाऱ्याच्या हाताला लागलं का म्हणून विचारणारी. ती त्याच्याजवळ गेली. खाली पडलेली मोगरी उचलली. त्यानं मोकळा हात डोक्यावर घेतला. मी ओरडले, "हाण! हाण एकदा!" खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं. पण तिनं मोगरी फुटक्या काचेतून बाहेर टाकून दिली.

"काढते," ती म्हणाली. "आधी ऐक."

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणत आली होती. मार खातानाही अहो. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ऐकलं, ऐक.

"माझ्या दारात यायचं नाही. ताईच्या दारात यायचं नाही. रडायला तर अजिबात यायचं नाही. कळलं का तुला?"

"हो, हो, काढ!"

"मोठ्यानं बोल."

तो बोलला. खाली ठेकेदाराला ऐकू गेलं इतक्या मोठ्यानं बोलला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, एकटीला नाही उचलवायची ही. उठ." मी उठले. माझा एक हात आणि तिचे दोन. शिव्या देत, रडत, आम्ही ती खिडकी वर उचलली. त्यानं हात छातीशी घेतला आणि तिथंच पडला. ठेकेदार धावत वर आला तेव्हा धाकटी माझ्या डोक्याच्या रुमालाची लाल किनार फाडून खिडकीच्या मुठीला बांधत होती. खिडकी आम्ही आता खालीच सोडली होती, तरी तिनं गाठ नीट मारली.

त्याची बोटं गेली. त्यानंच सगळ्यांना सांगितलं की अपघात झाला, खिडकी पडली. दुसरं काय सांगणार? त्या खिडकीखाली आधी कुणाचा हात होता, ते सांगावं लागलं असतं. पण आम्ही पोलिसांना सांगितलं, ओठ आणि खांदा दाखवून सांगितलं. ठेकेदारानं मात्र मलाच झापलं. "एवढी वर्षं काम करतेस आणि सुरी फिरवायला विसरतेस?" जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं मान खाली घालून ऐकलं. आतून तर मला नाचायचं होतं.

खांदा बरा झाल्यावर आम्ही ते काम पुरं केलं. हिरवा छान बसला. शेवटी राहिली ती चॉकलेटी रेघ. धाकटी दारापासून निघाली, करंगळी भिंतीला लावून, आणि मी तिच्यामागं रंगाची वाटी धरून. कोपऱ्यातल्या खिडकीशी आल्यावर ती थांबली. नवी काच होती, नव्या दोऱ्या होत्या, आणि फटीतून सुरी मी दोनदा फिरवली होती.

"ताई," ती म्हणाली, "तू कधी विसरत नाहीस गं. त्या दिवशीच कशी विसरलीस?"

"विसरले नव्हते. सुरी लावलीच होती मी फटीला," मी म्हटलं. "तेवढ्यात तू आलीस. तुझा ओठ बघितला आणि टाकून दिली."

ओठावरच्या व्रणाला तिनं एक बोट लावून बघितलं. मग ब्रश वाटीत बुडवला, कडेवर निथळला, करंगळी भिंतीला टेकवली आणि रेघ पुढं न्यायला लागली.