त्रेपन्नावा माणूस

मॅबरीला बाहेर बसवा, ही मागणी आमच्या पार्किंगच्या रांगेत सगळ्यात आधी मी केली. पुढे अर्धं शहर तेच ओरडायला लागलं आणि जो तो श्रेय आपल्याकडे ओढायला लागला, म्हणून सांगून ठेवतो. श्रेय माझंच आहे. गस पाल्को, वय त्रेसष्ट, पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवली, आणि त्याहून जास्त वर्षं या संघापायी घसा फोडून घेतला.

ट्रे मॅबरी आमचा नवा क्वार्टरबॅक. बावीस वर्षांचं पोर. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल एकाने फेकायचा आणि बाकीच्या दहांनी त्याच्यासाठी हाडं मोडून घ्यायची; तो एक चुकला की सगळेच बुडाले. आणि मॅबरी चुकत होता. सहापैकी पाच सामने हरलो होतो. बॉल आपल्या माणसाकडे कमी, समोरच्यांच्या हातात जास्त. एकदा तर त्याने तो असा अलगद देऊन टाकला, की जणू शेजाऱ्याकडे वाटीभर साखर पाठवावी.

रविवारी सामना दुपारी एकला, पण आम्ही सरोवराकाठच्या पार्किंगमध्ये सकाळी सातला हजर. आम्ही म्हणजे मी, मार्व होडाक आणि त्याची बहीण बर्नाडेट. मार्वचं मटणाचं दुकान, त्यामुळे शेगडी आणि सॉसेज त्याच्याकडे. बर्नाडेट शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मॅबरीने फेकलेला प्रत्येक बॉल तिच्या वहीत टिपलेला असे. ती त्याच्या बाजूची. म्हणायची, पहिल्या वर्षी सगळेच असे चाचपडतात, झाड लावून दुसऱ्या दिवशी फळं मागू नयेत. मी म्हणायचो, बाई, फळझाड लावलंय की बाभूळ ते तरी बघा.

मार्वच्या व्हॅनच्या मागच्या दाराला एक फळी होती. तिच्यावर त्रेपन्न खिळे. संघात त्रेपन्नच माणसं ठेवता येतात, चोपन्नावं नाही, म्हणून. दुकानातल्या दरांच्या चिठ्ठ्यांच्या मागे एकेका खेळाडूचं नाव लिहून मार्वने खिळ्यांना अडकवलं होतं. आमच्यात वाद घालायचा तर एकच नियम: नवं नाव आणायचं असेल त्याने आधी एक चिठ्ठी काढून दाखवायची. नुसती तोंडाची वाफ चालायची नाही.

खालच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या खिळ्यावर नाव होतं डेनिस पाल्को. माझा मुलगा डेनी. त्या चिठ्ठीला कुणी हात लावायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं.

डेनी सत्तावीसचा. तीन शहरांतल्या तीन संघांनी त्याला घेऊन सोडलं. मधल्या काळात तो लोकांची छपरं शाकारायचा, आणि पहाटे एकटाच शाळेच्या मैदानावर धावायचा. मागच्या वर्षी आमच्या, आमच्याच संघाने त्याला घेतलं. त्या दिवशी लॉरेन, माझी बायको, स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून रडली होती. त्याचं काम काय, तर आपल्या बाजूने बॉलला लाथ बसली की सत्तेचाळीस नंबरचा शर्ट घालून अर्धं मैदान जीव खाऊन धावायचं आणि समोर येईल त्याला धडक द्यायची. म्हणजे बॉल पकडलेल्या माणसाला दुसरा कुणीतरी आरामात पाडतो. नाव त्या दुसऱ्याचं होतं. टीव्हीवर डेनीचं नाव दोनदा आलं, त्यातलं एकदा चुकीचं.

तर त्या रविवारी मी फळीसमोर उभा राहून म्हणालो, केस्लरला आणा. केस्लर सदतीस वर्षांचा, कुठल्याच संघात नसलेला, पण डोकं शाबूत असलेला क्वार्टरबॅक. बर्नाडेट म्हणाली, खिळा मोकळा कर. मी एक चिठ्ठी काढली. तिने वही उघडून दाखवलं, की हा गेला तर त्याची जागा घ्यायला मागे कुणी नाही. मी दुसरी काढली. त्यालाही तिने परत टांगलं. तिसऱ्यालाही. मग ती फळीकडे बराच वेळ बघत राहिली, माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि म्हणाली, "मार्व, सॉसेज करपतायत." मला वाटलं, मी जिंकलो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

सोमवारी मी रेडिओला फोन लावला. खेळावरच्या त्या कार्यक्रमात मी तसा नेहमीचाच. पूर्वेकडचा गस म्हटलं की निवेदक आधीच हसायला लागायचा. त्या दिवशी माझी गाडी सुसाट सुटली. मी म्हणालो, त्या पोराला बसवा, त्याचे हात कापतायत. केस्लरला बोलवा. आणि जागा नाही म्हणून सांगू नका, नुसती जागा अडवून बसलेली माणसं आहेत संघात, त्यांना काढा. उचलली जीभ लावली टाळ्याला. निवेदकाला ते इतकं आवडलं, की रोज कार्यक्रमाच्या सुरुवातीला माझी ती टेप वाजायला लागली. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर लोक मला हात करायचे. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते. डेनी दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि लॉरेन त्याच्यासाठी कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून शिजवायची. संघाचा विषय तो घरात कधी काढत नसे. त्या मंगळवारी त्याने काढला.

"डॅड, रेडिओवर फोन करणं जरा थांबवशील?"

"का? खोटं बोललो का काही?"

"खोटं नाही रे. पण मॅबरी ऐकतो ते. सराव संपला की गाडीत बसून अर्धा अर्धा तास ऐकत बसतो. मी जाऊन काच वाजवतो तेव्हा कुठे बंद करतो. जेवत नाही धड."

मी म्हणालो, एवढं लागत असेल तर नीट फेक म्हणावं. डेनी काट्याने भात चिवडत राहिला. थोड्या वेळाने खाली बघतच म्हणाला, "केस्लर आला तर कुणाला तरी जावं लागेल."

"जाऊ दे की. जागा अडवून बसलेत त्यांनी जायलाच पाहिजे."

डेनीने सुरीने कोबीच्या गुंडाळीचा तुकडा कापला, तो खाल्ला, आणि म्हणाला, "बरोबर आहे."

लॉरेन माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला मीठ हवंय. मी मीठ पुढे केलं.

पुढचा रविवारही आम्ही हरलो. मॅबरीने चार वेळा बॉल समोरच्यांना दिला आणि शेवटी सत्तर हजार माणसं केस्लरच्या नावाने ओरडत होती. मीही. मैदानाच्या कडेला मॅबरी बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी सत्तेचाळीस नंबर बसला होता, त्याच्या मानेवर हात ठेवून. मला ते दिसलं. दिसलं आणि मी ओरडत राहिलो.

मंगळवारी सकाळी मी मार्वच्या दुकानात होतो. रेडिओ चालू होता. दहाच्या सुमारास निवेदक म्हणाला, बातमी पक्की आहे, केस्लरने सही केली. मार्वने काउंटरवर सुरीची मूठ आपटली, मी कॉफीचा कप वर केला, एक गिऱ्हाईक टाळ्या वाजवायला लागलं. निवेदक हसत म्हणाला, पूर्वेकडचा गस, ऐकतोयस ना, झालं बाबा तुझ्या मनासारखं. मग त्याने कागद वाचावा तसं पुढचं वाचलं. केस्लरला जागा करण्यासाठी संघाने सत्तेचाळीस नंबरच्या डेनिस पाल्कोला मोकळं केलं आहे.

त्याने आडनाव वाचलं आणि एक क्षण थांबला. मग जाहिरात लागली.

मार्व हात पुसत राहिला, पुसलेलेच पुन्हा पुसले. बर्नाडेट मागच्या खोलीतून आली होती. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "गस, शेवटचा खिळा होता तो. दुसरा कुठला निघणार होता?" आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी कप ठेवला आणि निघालो.

घरासमोर डेनीचा ट्रक उभा होता. मागच्या दाराशी कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यातून बुटाचं टोक बाहेर आलेलं. काढलेल्या माणसाला सामान भरायला तीच देतात. तो टेबलाशी बसला होता. मंगळवार होता, जेवण तयार होतं. लॉरेन शेगडीकडे तोंड करून उभी होती आणि मी आलो तरी वळली नाही.

डेनीने सांगितलं, कोच चांगलं बोलला. बसवलं, कॉफी विचारली. मी विचारलं, दुसरीकडे कुठे? तो म्हणाला, या झिजलेल्या गुडघ्याचे एक्स-रे बघून कोण घेणार आता, पुढच्या महिन्यात अठ्ठावीस पुरी होतील, हे शेवटचंच होतं. तीन शहरांत त्याला काढलं तेव्हा प्रत्येक वेळी तो फोनवर म्हणाला होता, पुन्हा बघू. या वेळी म्हणाला नाही.

मी म्हणालो, "पोरा, मी तो फोन केला नसता तर..."

"तुझ्यामुळे नाही झालं, डॅड. संघ काय तुझ्या फोनवर चालतो का?" तो थोडा हसला. "पण पोरं चिडवायची मला. रोज सकाळी कपडे बदलताना मुद्दाम तीच टेप लागायची. जागा अडवून बसलेली माणसं. तुझा आवाज आला की सगळे माझ्याकडे बघायचे."

"मग तू काय करायचास?"

"हसायचो. काय करणार?"

शेगडीपाशी लॉरेनचे खांदे हलले. मला त्या क्षणी माझी जीभ कापून टेबलावर ठेवावीशी वाटली.

डेनीने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "पण तुला हवं होतं तसं झालं ना? खूश आहेस ना तू?"

टोमणा नव्हता तो. टोमणा मारणं त्याला लहानपणापासून जमलं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपलं एवढं गेलं, तर निदान घरातल्या एकाला त्यातून काहीतरी मिळालं असावं, असं त्याला वाटत असावं. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं, आणि ताट वाढून घेतलं.

रविवारी लॉरेन म्हणाली, मी त्या मैदानात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तिचं तिकीट डेनीने घेतलं. मी म्हणालो, नको येऊस. तो म्हणाला, रविवारी दुसरीकडे कुठे जायचं ते मला माहीतच नाही. पार्किंगमध्ये ओळखीचे लोक त्याच्या पाठीवर थाप मारून दुसरीकडे बघत होते. आत आम्ही तिघे शेजारी बसलो, मार्व, मी आणि डेनी. मॅबरी बाकावर टोपी घालून बसला होता. डेनीने तोंडाशी हात धरून त्याला हाक मारली, पण एवढ्या गलक्यात ती कुठे पोचणार.

मी ठरवून आलो होतो, की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. दोन तास काढलाही नाही. मग केस्लरने तो बॉल फेकला. अर्ध्या मैदानावरून, तीन माणसांच्या डोक्यावरून, थेट आपल्या माणसाच्या हातात, आणि तो रेषेपार. दोन महिन्यांनी पहिल्यांदा आम्ही पुढे होतो. आणि मी उभा होतो. पाय मला विचारून उठले नाहीत. दोन्ही हात वर, घसा फाटेस्तोवर ओरडत, मार्वच्या गळ्यात पडून, डोळ्यांत पाणी. आनंदाचं. ते दुसऱ्या कशाचं होतं असं सांगता आलं असतं, पण नव्हतं.

मग मी वळलो. डेनी बसलेला होता आणि माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता देव जाणे. त्याने मान हलवली, समजलं अशा अर्थाने, आणि हसला. माझे हात वरच राहिले, खाली कसे आणावेत ते कळेना.

लोक खाली बसले. आता आपल्या बाजूने बॉलला लाथ बसायची होती, म्हणजे डेनीचं धावायचं काम. सगळे बसल्यावर डेनी उठला. पुढे झुकला, उजवा पाय मागे घेतला, ओठ हलत होते, मोजत होता. बॉल हवेत गेला तसा त्याचा खांदा खाली गेला. खाली त्याच्या जागी कुणी नवा पोरगा धावत होता. तो दोन पावलं मागे पडला आणि समोरचा माणूस बॉल घेऊन त्याच्या बाजूने निसटून गेला.

"डावीकडून यायला हवं होतं," डेनी हळूच म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही. मग बसला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जागेवरून तो एक पाऊलही हलला नव्हता, पण जाड जॅकेटच्या आत त्याचं काळीज अर्धं मैदान धावून आल्यासारखं धडधडत होतं.