बासुंदी मांजरीची अठाई

मित्रांनो, दोंडाईच्याच्या बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत तुळईला टांगलेली जुनी तागडी आहे ना, ती मी. वर लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना साखळ्या आणि साखळ्यांना दोन पारडी. अंगावर गंज चढलाय, पण काटा अजून सरळ आहे. तोंडही सरळच आहे म्हणा. गोडगोड बोलणं मला जमत नाही.

धुळ्याच्या लोटन मिस्त्रींनी मला घडवलं. मग लखीचंदशेठ मला इथे घेऊन आले. काय दिवस होते ते! सकाळपासून मिरचीची पोती, गहू, ज्वारी, तूर. दरवर्षी सरकारी माणूस यायचा, तपासून शिक्का मारायचा. खेड्यापाड्यांतले शेतकरी म्हणायचे, "शेठ, तुमनी तागडी खरी शे." ते ऐकून मी ताठ व्हायचे.

पुढे लखीचंदशेठ गेले आणि त्यांचा मुलगा प्रेमराज गादीवर बसला. त्यानं बटणांचा काटा आणला. हिरवे आकडे लुकलुकणारा, वीज गेली की मुका होणारा! मला मागच्या खोलीत टांगलं आणि माझी वजनं एका डब्यात गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

अशात एके दिवशी मिरचीच्या पोत्यांमागे एक मांजरीचं पिल्लू सापडलं. लखीचंदशेठांच्या पत्नी चंदनबाई, म्हणजे प्रेमराजची आई, मोठ्या धार्मिक. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या. त्यांनी पिल्लाला पदरात घेतलं, साय घातलेलं दूध पाजलं. रंग बघून नात रूपलनं नाव ठेवलं बासुंदी.

बासुंदीला झोपायला माझं पारडं आवडलं. तिनं उडी मारली की ते पारडं खाली जायचं आणि रिकामं पारडं वर. मला पुन्हा सोबत मिळाली हो! पण वर्षभरात ती उडी मारायची बंद झाली आणि पोत्यावर चढून धापा टाकत पारड्यात उतरू लागली. पारडं धपकन जमिनीला टेकायचं. मला कळत होतं, पण दुसऱ्या पारड्यात कुणी वजन टाकल्याशिवाय मी सांगणार कसं?

आणि खाणं तरी किती! सकाळी चंदनबाईंची तूप-पोळी. दहा वाजता प्रेमराजचा गाठिया. दुपारी रूपलची बिस्किटं. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातचं काहीतरी. प्रत्येकाला वाटायचं, आपण एवढंसंच तर देतोय. बिचारीला उंदराच्या मागे धावायची कधी वेळच आली नाही.

गल्लीपलीकडे भिकुबाई राहतात. शेतकरी बाई, बोलायला फटकळ. त्या एकदा मिरची घ्यायला आल्या आणि बासुंदीला बघून हसायलाच लागल्या. "माय वं! हाई मांजर शे का पोतं?"

रूपलला ते लागलं. तिनं डब्यातून वजनं काढली, पुसली आणि दुसऱ्या पारड्यात एकेक ठेवत गेली. किती वर्षांनी! सहा किलो आठशे ग्रॅमवर माझा काटा मधोमध उभा राहिला. चंदनबाईंनी कपाळाला हात लावला.

मित्रांनो, चूक झाली ती यानंतर. जैनांचं पर्युषण पर्व दोन दिवसांवर आलं होतं. चंदनबाई दरवर्षी अठाई करतात, म्हणजे आठ दिवस कडक उपास, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. त्या म्हणाल्या, "या वर्षी हिलाही माझ्याबरोबर बसवते. अंग हलकं होईल, पुण्यही लागेल." त्यांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. जे त्यांना सगळ्यांत चांगलं वाटत होतं, तेच त्या तिला देत होत्या. सगळ्यांना ताकीद मिळाली आणि बासुंदीच्या वाटीत नुसतं पाणी आलं.

पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी ओरडून घसा बसला. तिसऱ्या दिवशी गप्प झाली. "बघा, सवय झाली," प्रेमराज म्हणाला. रूपलनं तोललं तर चारशे ग्रॅम कमी! घरात आनंद झाला, आणि लपवत नाही, मीही खूश झाले. इतक्या वर्षांनी माझ्या काट्याकडे सगळे डोळे लावून बसले होते ना! वजन किती उतरलं ते मला कळतं. ते कशानं उतरलं, ते मला कळत नाही. एवढी अक्कल मला त्या दिवशी नव्हती.

त्या संध्याकाळी रूपलला राहवेना. तिनं गुपचूप दूध पुढे ठेवलं. बासुंदीनं हुंगलंसुद्धा नाही, तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी सकाळी भिकुबाई आल्या. त्यांनी तिचा कान उलटून पाहिला. आतून पिवळा.

"अक्का," त्या हसल्या नाहीत, "हाई उपासनं लक्षण नई शे. मांजर मरी राहिनं!"

प्रेमराज दुकान तसंच उघडं टाकून धावला आणि जनावरांचे डॉक्टर अभिमन यांना घेऊन आला. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं.

"किती दिवस झाले खाऊन?"

"चौथा दिवस," चंदनबाई म्हणाल्या. "माझ्याबरोबर अठाई आहे तिची."

डॉक्टरांनी बासुंदीवरचा हात काढला. मग म्हणाले, "अक्का, तुमची अठाई तुम्हाला. मांजराला उपास चालत नाही, जाड मांजराला तर मुळीच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत काम सोडायला लागतं. मग जनावर आपणहून खातच नाही."

"वाचेल ना?"

"आज सांगता येणार नाही. मी सलाईन लावतो. पण दर तीन तासांनी पिचकारीनं थोडं थोडं भरवावं लागेल. आणि दूध-पोळी नाही, मांजराला मांसच लागतं. डब्यातलं तयार अन्न मिळतं, ते आणा."

या घरात अंडंही येत नाही. चंदनबाई खाली बघत राहिल्या. त्यांचं व्रत आणि त्यांचं मांजर, दोन्ही माझ्यासमोर होतं, पण असलं काही मला तोलता येत नाही. शेवटी भिकुबाईच म्हणाल्या, "तुमनं घर नको, अक्का. मना ओटावर आणा. मी खावाडसू."

माझ्या खिडकीतून तो ओटा दिसतो. भिकुबाई पिचकारी धरायच्या आणि चंदनबाई नाकाला पदर लावून बासुंदीला मांडीवर घ्यायच्या. स्वतःच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही, तरी दर तीन तासांनी गल्ली ओलांडायच्या. "माझ्या हातून हे काय झालं गं," म्हणायच्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

आठव्या दिवशी संवत्सरी होती. त्या दिवशी सगळे एकमेकांची माफी मागतात. चंदनबाईंनी मुलाची मागितली, सुनेची मागितली, भिकुबाईंची मागितली. मग माझ्या पारड्यात पडलेल्या बासुंदीपुढे त्या गुडघे टेकून बसल्या आणि हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बाळा." मीही मनातल्या मनात तेच म्हटलं. चारशे ग्रॅमला हुरळले होते ना मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं, उपास सोडायचा दिवस. पाहुणे जमले, रूपल मुगाचं पाणी घेऊन उभी. चंदनबाईंनी वाटी बाजूला सारली. "आधी ती." सगळे समजावून थकले, पण ऐकतील तर चंदनबाई कसल्या! समोरच्या ओट्यावर भिकुबाईंनी बशी ठेवली. बासुंदीनं बराच वेळ नुसतं पाहिलं. मग मान पुढे केली, हुंगलं, आणि जीभ लावली. एकदा, दोनदा, तीनदा.

"खायनी वं माय, खायनी!" भिकुबाई एवढ्यानं ओरडल्या की बाजारातली माणसं थांबली. चंदनबाई ढसाढसा रडल्या आणि मग मुगाचं पाणी प्यायल्या. माझ्याही साखळ्या सैल झाल्यासारख्या वाटल्या. हुश्श!

बासुंदी पुरती बरी झाल्यावर डॉक्टरांनी वजन उतरवायची खरी रीत सांगितली. दिवसभराचं खाणं सकाळी एकदाच मोजायचं आणि चार वेळांत वाटायचं. साय, तूप, बिस्किटं, गाठिया बंद. भरवणारा माणूस एकच, भिकुबाई. खाऊ द्यायचा हात शिवशिवला की दोरी घेऊन तिला खेळवायचं. आणि आठवड्यातून एकदा माझ्यावर तोलायचं. "आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम, बस्स," डॉक्टर म्हणाले. "भराभर उतरलं तर खूश होऊ नका, मला बोलवा. आणि एक दिवस जरी खाल्लं नाही, तरी बोलवा."

माझ्या डब्यात पन्नास ग्रॅमचं एक चिमुकलं वजन आहे. मिरचीच्या पोत्यांच्या काळात त्याला कुणी विचारत नसे. आता दर रविवारी त्याचाच मान. कधी काटा जागचा हलायचा नाही आणि प्रेमराज कुरकुरायचा. चंदनबाई म्हणायच्या, "राहू दे. घाई करून पाहिली ना एकदा?" आठ महिने लागले. आज बासुंदी चार किलो सातशे ग्रॅम आहे, आणि माझ्या पारड्यात उडी मारून येते.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर तिला मोजून खायला द्या, पण खायला द्या. लाडानं फुगवू नका आणि घाईनं उपाशी ठेवू नका. तिच्या पोटाला काय लागतं ते जाणकाराला विचारा. आणि माझ्यासारखी एखादी तागडी अडगळीत असेल तर पुसून ठेवा, पण नुसत्या तिच्यावरही विसंबू नका. कान, डोळे आणि भूकही बघा.

यंदा पुन्हा पर्युषण आलं. चंदनबाईंची अठाई चालू आहे, आज सातवा दिवस. सकाळी काठी टेकत त्या भिकुबाईंच्या ओट्यावर गेल्या आणि बशी पुरी चाटून होईपर्यंत बासुंदीजवळ बसून राहिल्या. कुणी बाई जाता जाता म्हणाली, "अक्का, सात दिवसांच्या उपाशी तुम्ही, आणि दुसऱ्याचं खाणं बघत बसलात?"

चंदनबाई हसल्या. "उपास माझा आहे गं," त्या म्हणाल्या. "तिचा नाही."